फाजील उजेड

बर्फात रोवलेली एक छोटी नळी आणि तिच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा केशरी द्रव. मैत्रिणीने प्रयोगशाळेतले दिवे मालवले, निळसर-हिरव्या प्रकाशाचा झोत त्या नळीवर रोखला आणि म्हणाली, "आता बघ." मी बघत राहिले. सुरुवातीला काहीच झालं नाही, किंवा झालं असेल तर त्या निळ्या झोतात मला ते कळलं नाही. थोड्या वेळाने तिने झोत बंद करून कोपऱ्यातला मिणमिणता दिवा लावला, तेव्हा नळीतला केशरी रंग गेलेला होता. आत लाल द्रव होता. केशरीची जरा गडद छटा वगैरे नव्हे, चांगला ठसठशीत लाल. त्यात कुणी काही मिसळलं नव्हतं, काही काढलं नव्हतं, झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. "आणि आता?" मी विचारलं. "आता काही नाही. अंधारात ठेवायची, परत केशरी होते. बर्फात आहे म्हणून वेळ लागेल, बाहेर काढली तर लगेच." हे नेमकं करतं काय, असं विचारल्यावर हातमोजे उतरवता उतरवता ती सहज बोलून गेली, "उजेड फेकून देतं. एवढंच त्याचं काम."

ती पुढच्या कामाला लागली आणि मी तिथून निघाले, पण हे वाक्य काही माझी पाठ सोडेना. नळीतलं ते प्रथिन सायनोबॅक्टेरियातलं होतं. ज्यांना आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणत आलो, पण जे शेवाळ नसून जीवाणू आहेत, ते हे. उजेडावरच जगणारे. उजेड मिळवण्यासाठी त्यांच्या पेशीचा केवढा तरी भाग खर्ची पडलेला असतो. आणि अशाच पेशीने एक वेगळं प्रथिन घडवायचं, त्यात एक महागडं रंगद्रव्य बसवायचं, ते सतत तयार ठेवायचं, आणि हे सगळं कशासाठी, तर मिळालेला उजेड टाकून देण्यासाठी? मला हे आधी विनोदी वाटलं. मग जरा अस्वस्थ वाटलं. प्रकाशसंश्लेषण म्हटलं की माझ्या मनात जे चित्र होतं ते फार सात्त्विक होतं: ऊन पडतं, पान ते घेतं, अन्न होतं. त्या चित्रात नको म्हणण्याला जागाच नव्हती.

खरं तर होती. शाळेतला तो प्रयोग आठवला. काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यात पाणवनस्पतीची फांदी, तिच्यावर उलटं नरसाळं आणि नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. दिवा दूर असला की बुडबुडे रेंगाळत वर यायचे, दिवा जवळ सरकवला की त्यांची रांग लागायची. आम्ही मुली ते मोजायचो, आणि मोजताना एकमेकींना ढोसून आकडा चुकवायचो. दिव्याच्या उष्णतेने भांड्याची काच कोमट व्हायची आणि पाण्याला एक हिरवट, कुबट वास यायचा. मग वहीत आलेख काढायचा. आडव्या अक्षावर प्रकाश, उभ्या अक्षावर बुडबुडे. रेषा आधी सरळ वर चढायची, मग वाकायची, मग आडवी व्हायची. बाई म्हणायच्या, "इथे प्रकाश पुरेसा झाला," आणि पुढच्या धड्याकडे वळायच्या. चढणारा भाग आम्ही काळजीने हाताने काढायचो; आडवा भाग पट्टी लावून एका फटकाऱ्यात. त्यात काही घडतच नाही अशी आमची समजूत होती.

पण दिवा तर जवळ येतच होता.

वाढलेला प्रकाश फांदीवर पडतच होता, पानातलं हरितद्रव्य तो शोषतच होतं. हरितद्रव्याच्या रेणूला थांबता येत नाही. समोर योग्य रंगाचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, आला की तो घेतला जातो. पुढे कुणाला त्याची गरज आहे की नाही, याची चौकशी तो रेणू करत नाही. भर उन्हात हरितद्रव्याचा एक रेणू सेकंदाला साधारण दहाएक फोटॉन घेतो. ऐकायला हा आकडा किरकोळ आहे. पण असे शेकडो रेणू मिळून आपली ऊर्जा एकाच केंद्राकडे पोचवत असतात. म्हणजे त्या केंद्रावर सेकंदाला हजारांच्या हिशेबात ऊर्जेची आवक, आणि केंद्राच्या पुढे इलेक्ट्रॉन वाहून नेणारी जी साखळी आहे तिचा झपाटा फार तर काही शेकड्यांचा. आलेखातली रेषा आडवी होते ती इथे. प्रकाश पुरेसा झालेला नसतो, तो डोईजड झालेला असतो. त्या सपाट, कंटाळवाण्या रेषेच्या वर जे रिकामं पांढरं पान आम्ही सोडून द्यायचो, तिथे फाजील ऊर्जेचा सगळा गोंधळ चाललेला असतो.

हा गोंधळ डोळ्यांनीही दिसतो. पानं चुरडून मद्यार्कात टाकली आणि ते गाळून घेतलं की गर्द हिरवा द्रव मिळतो. त्यावर अंधाऱ्या खोलीत जांभळा किंवा निळा झोत टाकला की तो द्रव लाल उजळतो. पहिल्यांदा बघणारा दचकतोच. हिरव्यातून असा लाल येईल ही अपेक्षाच नसते. पुढे ऊर्जा द्यायला कुणी उरलेलं नाही म्हणून हरितद्रव्य ती पुन्हा प्रकाश करून बाहेर सोडतं, तो हा लाल. जिवंत पानही असं लाल चमकतं, फक्त फार मंद. 1931 साली हान्स कौत्स्की आणि हिर्श यांनी हे नोंदवलं की अंधारातलं पान एकदम उजेडात आणलं की त्याची ही लाल चमक झटकन वाढते आणि मग सावकाश उतरते. त्या चढ-उतारावरून पानाच्या आत काय चाललंय हे ओळखण्याची एक अख्खी विद्या पुढे उभी राहिली. मैत्रीण सांगते, तिच्या कामातला निम्मा वेळ ही चमक किती विझली हे मोजण्यात जातो. चमक विझणं म्हणजे दोहोंपैकी एक: ऊर्जा कामी आली, किंवा कुणीतरी ती गुपचूप उष्णता करून टाकली.

यापैकी काहीच झालं नाही तर मात्र धोका. उत्तेजित हरितद्रव्य साधारण काही नॅनोसेकंद तसं राहू शकतं. तेवढ्यात ऊर्जा कुठे गेली नाही, तर त्या रेणूतल्या इलेक्ट्रॉनची फिरकी बदलते आणि तो एका वेगळ्या, चिवट अवस्थेत जाऊन बसतो. ही अवस्था पूर्वीच्या मानाने फार लांब टिकते, इतकी की जवळून जाणाऱ्या ऑक्सिजनची आणि त्याची गाठ पडतेच. साधा ऑक्सिजन बऱ्यापैकी सुस्त असतो, आपण तो चोवीस तास छातीत भरून घेतो. पण हरितद्रव्याकडून ही ऊर्जा मिळाली की तो एकेरी ऑक्सिजन होतो, आणि मग जे समोर येईल त्याला जाळत सुटतो: प्रथिनं, पटलातली (पेशीतल्या पातळ पडद्यातली) स्निग्ध द्रव्यं, खुद्द हरितद्रव्य. उजेड आणि हवा या दोन गोष्टी जिवाला आवश्यक म्हणून आपण एका दमात उच्चारतो. रंगद्रव्याच्या शेजारी त्या एकत्र आल्या की विष होतात.

हे ज्या प्रयोगाने लख्ख दाखवलं तो मला फार आवडतो, कारण त्याची मांडणी अगदी साधी आहे. 1955 साली ग्रिफिथ्स, सिस्ट्रॉम, कोहेन-बाझीर आणि स्टॅनियर या चौघांनी जांभळ्या जीवाणूंवर काम करताना असा एक वाण घेतला, की ज्याला रंगीत कॅरोटिनॉइडं बनवताच येत नव्हती. कॅरोटिनॉइडं म्हणजे पिवळी, केशरी, तांबडी रंगद्रव्यं. मूळचा जीवाणू तांबूस-तपकिरी. हा बिघडलेला वाण निळसर-हिरवा, कारण मागे उरलं ते नुसतं जीवाणूंचं हरितद्रव्य. या वाणाला हवा न देता उजेडात ठेवलं तर तो मजेत वाढायचा. अंधारात ठेवून हवा दिली तरी मजेत वाढायचा. उजेड आणि हवा दोन्ही एकदम दिली की मरायचा. मूळचा तांबूस जीवाणू मात्र तेवढ्याच उजेडात, तेवढ्याच हवेत काही झालंच नाही अशा थाटात जगायचा. तोवर या रंगद्रव्यांचं काम म्हणजे हरितद्रव्याला न जमणारा प्रकाश गोळा करणं, असा समज होता, आणि तो चूकही नव्हता. पण त्या निळसर-हिरव्या जीवाणूने मरून दाखवलं की गोळा करण्याआधी हा रंग राखण करत होता.

हा प्रयोग वाचल्यापासून मला सायनोबॅक्टेरियांबद्दल एक विचित्र आदर वाटतो, थोडी धास्तीही. जांभळ्या जीवाणूंना हवा टाळण्याची सोय आहे. प्रकाशसंश्लेषण करताना ते ऑक्सिजन सोडत नाहीत, ज्या चिखलात आणि साचलेल्या पाण्यात ते राहतात तिथे तो बेताचाच असतो. सायनोबॅक्टेरियांना ही पळवाट नाही. पाणी फोडून ऑक्सिजन बाहेर टाकणारे पहिले जीव तेच. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी वातावरणात ऑक्सिजन साचू लागला तो त्यांच्यामुळे. म्हणजे ज्या पटलात उजेड शोषला जातो त्याच पटलात ऑक्सिजन जन्माला येतो, ऐन हरितद्रव्याच्या कुशीत. इतरांनी ही दोन संकटं एकमेकांपासून दूर ठेवली असतील. यांनी ती एकाच छपराखाली नांदवायची ठरवली. ठरवली म्हणणं चुकीचं, जीवाणू काही ठरवत नाहीत. पण त्याला दुसरं काय म्हणावं हे मला सुचत नाही.

त्यात त्यांचं राहण्याचं ठिकाण. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ प्रकाश कधी स्थिर नसतो. लाट उठते, तिचा फुगवटा भिंगाचं काम करतो आणि खाली उन्हाचे प्रखर पट्टे सरसर धावतात. क्षणात प्रकाश कितीतरी पटींनी वाढतो, क्षणात उतरतो. उथळ पाण्यात तळाशी ते पट्टे बघत बसण्यात किती दुपारी जातात. मला ते नुसतं सुंदर दिसायचं. आता त्यात तरंगणारी पेशी आठवते. पाणी घुसळलं की तीच पेशी खालच्या काळोखातून वर येते, पुन्हा खाली जाते. खाली गेल्यावर एकेक फोटॉन मोलाचा. म्हणून सायनोबॅक्टेरियांनी पटलाच्या बाहेरच्या अंगाला प्रकाश गोळा करणारे प्रचंड जुडगे बांधले आहेत, त्यांना फायकोबिलिसोम म्हणतात. मधे गाभा, गाभ्यातून बाहेर फाकलेल्या कांड्या, आणि सगळीकडे शेकडो निळी, क्वचित लाल रंगद्रव्यं. हिरव्या प्रकाशावर हरितद्रव्याची पकड ढिली. तिथला आणि आसपासचा प्रकाश ही रंगद्रव्यं उचलतात आणि कांडीतून गाभ्यात, गाभ्यातून हरितद्रव्याकडे पोचवतात. वाटेत गळती जवळपास नाही. घेतलेल्या ऊर्जेपैकी 95 टक्क्यांहून जास्त मुक्कामी पोचते. अंधाऱ्या पाण्यासाठी इतकी चोख व्यवस्था केली की वर भर उन्हात तीच जिवावर उठते.

नळीतलं केशरी प्रथिन हे या जुडग्याच्या पहाऱ्यावर असतं. पण त्याचा हा धंदा कळायला पाव शतक लागलं, आणि मला या सगळ्या कहाणीतला हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो. 1981 साली होल्ट आणि क्रोगमन यांनी सायनोबॅक्टेरियांतून पाण्यात विरघळणारं हे केशरी प्रथिन वेगळं काढलं. कॅरोटिनॉइड पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते प्रथिनाच्या पोटात घट्ट बसवून पाण्यात वावरणारी ही वस्तू लक्षात भरण्यासारखीच होती. नाव पडलं ते दिसण्यावरून, केशरी कॅरोटिनॉइड प्रथिन. इंग्रजी आद्याक्षरांनी ओसीपी. काम ठाऊक नाही. बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर रंग. 2003 मध्ये शेरिल कर्फेल्ड आणि सहकाऱ्यांनी त्याची त्रिमितीय रचना उलगडली: दोन खंड, आणि दोहोंच्या मधून आरपार गेलेला कॅरोटिनॉइडचा एकच लांब रेणू. रचना अणू-अणूनिशी हाती आली, पण ती कशासाठी हे सांगणारा पक्का पुरावा अजून यायचा होता. दुसऱ्या बाजूला डायाना किरिलोव्स्की यांच्या गटाला हे दिसत होतं की प्रखर निळ्या-हिरव्या प्रकाशात सायनोबॅक्टेरियांची चमक विझते. कोण विझवतंय? 2006 मध्ये त्यांनी आणि आद्जेले विल्सन यांनी दाखवलं की ओसीपीचं जनुक काढून टाकलं तर चमक विझतच नाही आणि पेशी प्रखर प्रकाशाने लवकर कोलमडते. दोन वर्षांनी त्याच गटाने रंगबदल दाखवला, केशरीचा लाल. मी बर्फात पाहिला तोच.

विज्ञानाच्या गोष्टी सांगताना आपण शोधाच्या क्षणावर फार भर देतो. मला ती मधली वर्षं दिसतात. कुणाच्या तरी शीतकपाटात एक देखणी केशरी नळी पडून आहे आणि तिला कुणी विचारत नाही की तू इथे का.

आता ते विझवतं कसं, ते सांगायलाच हवं, कारण सगळी गंमत तिथे आहे. अंधारात किंवा मंद उजेडात ओसीपीचे दोन खंड मिटलेले असतात आणि आतला कॅरोटिनॉइड एका टोकाला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवलेला असतो. या रेणूने निळा-हिरवा फोटॉन घेतला की कधीतरी ते बंध सुटतात, कॅरोटिनॉइड सुमारे 12 अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहून थोडंसंच जास्त, सरकून एका खंडात पूर्ण शिरतो, आणि दोन्ही खंड एकमेकांपासून सुटतात. हा सरकण्याचा तपशील 2015 मध्ये कळला. रेणूभोवतालची वस्ती बदलली म्हणून त्याचा रंगही बदलला. उघडलेलं हे लाल रूप आता फायकोबिलिसोमच्या गाभ्याला जाऊन चिकटतं आणि तिथून जाणारी ऊर्जा आपल्याकडे ओढून घेतं. कॅरोटिनॉइडची उत्तेजित अवस्था काही पिकोसेकंदच टिकते, हरितद्रव्याच्या मानाने शेकडो पटींनी कमी. त्यामुळे आलेली ऊर्जा कुणाला इजा करायच्या आत उष्णता होऊन विरून जाते. 2022 मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने ही चिकटलेली स्थिती प्रत्यक्ष टिपली गेली. बासष्ट लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूंचं वजन मोजायचं माप) तो अवाढव्य जुडगा, आणि त्याला आवरायला साधारण पस्तीस हजार डाल्टनची प्रथिनं, अवघी चार. दोन-दोनच्या जोड्यांनी गाभ्याच्या नेमक्या जागी बसलेली.

मघाशी मी 'कधीतरी' म्हटलं, ते ओघात आलेलं नाही. ओसीपीने फोटॉन घेतला म्हणजे ते उघडलंच असं मुळीच नाही. बहुतेक वेळा घेतलेली ऊर्जा नुसती विरते आणि प्रथिन केशरी ते केशरीच राहतं. शंभर फोटॉनांतून एखाद-दुसऱ्यानेही उघडेल याची खात्री नाही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ते सदोष यंत्र वाटलं. डोळ्यातलं प्रकाश ओळखणारं प्रथिन बघा, घेतलेल्या तीन फोटॉनांमागे साधारण दोनदा ते काम करून मोकळं होतं. त्यापुढे हे म्हणजे अगदीच मठ्ठ. पण विचार केला की कळतं, हा मठ्ठपणाच त्याचा गुण आहे. घरातल्या कानाने जड आजोबांसारखं आहे हे: कुजबूज त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, आरडाओरडा झाला तरच ते उठून येतात. ओसीपी तल्लख असतं तर पहाटेच्या पहिल्या किरणालाच लाल झालं असतं आणि भुकेल्या पेशीचा घास काढून घेतला असता. ते मंद आहे म्हणून मंद उजेडात आड येत नाही. शिवाय उघडलेलं प्रथिन आपण होऊन मिटतही असतं. म्हणजे उघडण्याचा वेग मिटण्याच्या वेगाला मागे टाकेल इतका प्रकाश सतत असेल, तेव्हाच लाल रूप साठतं. उजेड किती आहे हे मोजणारं वेगळं यंत्र नाही, निरोप पोचवणारा मधला कुणी नाही. या दोन वेगांच्या ओढाताणीतच मोजमाप होऊन जातं. एवढं नेटकं काम इतक्या कमी साहित्यात झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. माझी पाहणी तोकडी आहे हे मान्य, तरीही.

मिटण्याचीही आपली एक गोष्ट आहे. ऊबेत ओसीपी भराभर मिटतं, गारठ्यात फार रेंगाळतं, आणि गाभ्याला चिकटलेलं असताना तर त्याला सुटायची घाईच नसते. ऊन उतरलं, सावली आली, आता प्रत्येक फोटॉन हवा आहे, आणि हे मात्र ऊर्जा उधळत बसलंय, अशी पाळी येऊ शकते. त्यासाठी पेशीकडे दुसरं एक छोटं प्रथिन आहे. त्याचा शोध 2010 मध्ये लागला. ते उघड्या ओसीपीला धरतं, गाभ्यापासून सोडवतं आणि दोन्ही खंड मिटवून पुन्हा केशरी करतं. त्याच्या नावाचा अर्थ चमक परत आणणारं प्रथिन, आणि ज्या पेशीत ते नसतं तिथे प्रखर उजेड संपल्यावरही चमक बराच वेळ विझलेलीच राहते. संरक्षण म्हटलं की आपण ढाल उचलणाऱ्याचं कौतुक करतो. ती खाली ठेवायला लावणारा वेगळा नोकर पदरी बाळगायचा, हे किती शहाण्यासुरत्या माणसांनाही सुचत नाही. मला त्या छोट्या प्रथिनाबद्दल ओसीपीपेक्षा काकणभर जास्तच ममत्व आहे.

एवढं करूनही नुकसान व्हायचं ते होतंच. पाणी फोडणाऱ्या केंद्राच्या गाभ्यात डी-1 नावाचं प्रथिन असतं, ते उजेडाने सतत मोडतं आणि सतत नवं बसवावं लागतं. प्रखर उन्हात त्याचं आयुष्य अर्ध्या-पाऊण तासावर येतं. काही सायनोबॅक्टेरिया आपल्या भोवतीच्या आवरणात स्कायटोनेमिन नावाचं पिवळट-तपकिरी रंगद्रव्य भरून अतिनील किरण दारातच अडवतात. उघड्या खडकांवर उन्हात करपल्यासारखे जे काळपट थर दिसतात, त्यांतल्या अनेकांचा रंग हा असतो. असे थर मी पूर्वी मेलेले समजून चालत असे. हा सगळा विषय वाचताना एक मजेशीर उलटापालटही कानावर आली. सायनोबॅक्टेरियांत प्रखर उजेडातच तयार होणारी काही इटुकली प्रथिनं असतात, हरितद्रव्य आणि कॅरोटिनॉइड दोन्ही सांभाळणारी आणि मुख्यतः राखणीच्या कामाची. वनस्पतींच्या पानांत प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनांचं जे मोठं घराणं आहे, त्याचे पूर्वज ही इटुकली प्रथिनंच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पानातला हरितकण हा मुळात पोटात घेतलेला सायनोबॅक्टेरिया, त्यामुळे वारसा चालत आला यात नवल नाही. नवल क्रमाचं आहे. घेणाऱ्यांच्या कुळाची सुरुवात राखणाऱ्यांपासून झाली.

वनस्पतींनी फायकोबिलिसोम सोडून दिला, ओसीपीही त्यांच्यात नाही. त्यांनी त्याच कामासाठी दुसरी युक्ती केली: ऊन वाढलं की एका कॅरोटिनॉइडचं रूपांतर दुसऱ्यात करायचं आणि ऊर्जा उष्णता करून सोडायची. पण सावली आल्यावर हे रूपांतर उलटं व्हायला त्यांना बरीच मिनिटं लागतात. ढग सूर्यावर येतो, पान अंधारतं, आणि तरीही मघाच्या उन्हाच्या धास्तीने ते मिळालेला उजेड टाकतच राहतं. पिकं वाढवू पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत ही उधळपट्टी खुपली यात आश्चर्य नाही. 2016 मध्ये क्रोमडाइक, ग्वोवात्स्का, लाँग, नियोगी आणि सहकाऱ्यांनी तंबाखूच्या रोपात या यंत्रणेशी संबंधित तीन जनुकांचं काम वाढवलं, म्हणजे ढाल लवकर खाली येईल. शेतातल्या चाचणीत रोपांचं सुकं वजन साधारण 15 टक्क्यांनी वाढलं. जैविक संशोधनात ही मोठी उडी आहे, तिचा गाजावाजा झाला आणि तो रास्त होता. मग 2020 मध्ये दुसऱ्या गटाने तीच तीन जनुकं घेऊन तोच बदल अरॅबिडॉप्सिसमध्ये केला. प्रयोगशाळांतलं हे लाडकं, मोहरीच्या कुळातलं रोपटं. ढाल तिथेही लवकर उतरली. रोपं मात्र मोठी व्हायच्या ऐवजी खुरटली.

हे वाचून मला हायसं वाटलं, आणि ते वाटणं मला फारसं आवडलेलं नाही. धान्य वाढणार असेल तर ते कुणाला नको आहे? तंबाखूवरचा निकाल खोटा नाही, आणि ज्यांनी तो काढला त्यांना पोटभर जेवणाऱ्या माझ्यासारखीने सबुरीचे धडे द्यावेत हे शोभत नाही. तरीही 'वाया' गेलेल्या त्या उजेडाचा हिशेब मांडणाऱ्या लेखांत जी खात्री असते, ती वाचताना मी अडखळते. वाया म्हणजे आमच्या कामी न आलेला, एवढंच असतं ते पुष्कळदा. ढग परत सरकला आणि ऊन पुन्हा कडाडलं तर, हा प्रश्न त्या हिशेबात एका रकान्यात असतो. पानाच्या दृष्टीने सगळा हिशेब तोच आहे. मैत्रिणीला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, तुला रेणूंची बाजू घ्यायची सवय लागली आहे, आणि मग बराच वेळ आम्ही यावरून भांडलो. तिचं म्हणणं, तंबाखू आणि अरॅबिडॉप्सिस यांची पानं, वाढ, उजेडाची सवय सगळंच वेगळं, तेव्हा एकाच बदलाचे दोन परिणाम होणारच. प्रत्येक पिकात ढाल किती लवकर उतरवलेली चालते हे त्या-त्या पिकालाच विचारावं लागेल. यावर माझ्याकडे प्रतिवाद नव्हता. मी फक्त एवढंच म्हटलं, की विचारताना ऊन थोडं जास्त ठेवा.